दयेची परीक्षा

सुधारणेचे मूल्य तिच्या हेतूवरून ठरवावे की तिच्या फळावरून, हा वाद नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. हेतू शुद्ध असला म्हणजे कर्म शुद्ध झाले असे मानणारा एक पक्ष. फळ पाहिल्यावाचून हेतूची थोरवी सांगू नका, असे बजावणारा दुसरा. कांट आणि मिल यांची नावे घेऊन महाविद्यालयांत हा वाद वर्षानुवर्षे चालतो. विद्यार्थी तो परीक्षेपुरता पाठ करतात आणि पुढे विसरून जातात. परंतु समाजाच्या काही संस्था अशा आहेत की, त्यांच्या दारात हा वाद पुस्तकी राहत नाही. तेथे त्याच्या उत्तरावर जित्याजागत्या मुलांचे आयुष्य अवलंबून असते. अल्पवयीन अपराध्यांची न्यायालये ही अशांपैकी एक संस्था होय. या मुलांना कठोर शिक्षेऐवजी सुधारण्याची संधी द्यावी, असा दयेचा कायदा आपल्या प्रांतात होऊन आता शंभर वर्षे उलटली. त्या दयेचे फळ काय, आणि ते फळ मोजावे तरी कसे, याचा विचार या लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

बाल अपराध्यांसाठी निराळा न्याय असावा, ही कल्पना केवळ पाश्चात्त्यांकडून आली असे समजण्याचे कारण नाही. महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्याची कथा आहे. मांडव्य ऋषी मौनव्रत धरून आश्रमाच्या दाराशी तप करीत असता चोरांनी आपली लूट त्याच्या आश्रमात दडविली. राजाच्या शिपायांनी त्याला विचारले. तो बोलला नाही. मौन म्हणजे कबुली असे ठरवून राजाने त्यालाही चोरांबरोबर सुळावर चढविले. पुढे मांडव्याने धर्मराजाच्या दरबारी जाऊन जाब विचारला, की मी असे काय केले होते? उत्तर मिळाले, की बालपणी तू किड्यांच्या अंगात काडी खुपसली होतीस, तिचे हे फळ. तेव्हा मांडव्य म्हणाला, की लहान अपराधाला तू एवढी मोठी शिक्षा दिलीस, म्हणून तुलाच दासीपोटी जन्म घ्यावा लागेल. आणि आजपासून मी मर्यादा घालून देतो, की चौदाव्या वर्षापर्यंत केलेले कृत्य पातक ठरणार नाही. त्या शापानेच धर्म विदुर होऊन जन्मास आला.

या कथेत दोन न्यायाधीश आहेत, आणि दोघेही चुकतात. राजा चौकशी न करता शिक्षा देतो. धर्म पूर्ण चौकशी करूनही वयाकडे पाहत नाही. आम्हांस या कथेतील अधिक महत्त्वाची गोष्ट मात्र निराळीच वाटते. शिक्षा देणाऱ्या धर्माचीही येथे परीक्षा झाली, आणि परीक्षा घेणारा होता तो ज्याला शिक्षा भोगावी लागली तो. न्यायसंस्थेला तिच्या कृत्याचा परिणाम विचारण्याचा अधिकार तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्यास आहे, हे तत्त्व आपल्या पूर्वजांनी कथारूपाने सांगून ठेविले आहे.

आधुनिक काळात या कार्यास आपल्याकडे आरंभ झाला तो १८५० च्या अप्रेंटिस कायद्याने. लहानसहान अपराध करणाऱ्या पोरांना तुरुंगात न धाडता एखाद्या कारागिराकडे शिकाऊ म्हणून बांधून द्यावे, असा त्याचा आशय होता. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या औदार्याने सुधारशाळा उघडली. माहीमची औद्योगिक शाळा आजही त्यांचेच नाव चालवीत आहे. १८९९ मध्ये अमेरिकेत शिकागो येथे जगातील पहिले स्वतंत्र बालन्यायालय निघाले. १९१९-२० च्या तुरुंग समितीने हिंदुस्थानातही तसे व्हावे अशी शिफारस केली. त्यानुसार मद्रासेने १९२० त, बंगालने १९२२ त व मुंबई इलाख्याने १९२४ त मुलांचा कायदा केला. १९२७ साली मुंबईत बालन्यायालय सुरू झाले, आणि त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था स्थापन झाली. स्वातंत्र्योत्तर काळात १९८६ साली सर्व देशास लागू असा कायदा झाला; त्यात मुलग्यांची मर्यादा सोळा वर्षे व मुलींची अठरा होती. २००० च्या कायद्याने ती दोघांसही अठरा केली. आज चालू आहे तो २०१५ चा कायदा.

या कायद्याची रचना वाचली असता तिच्यामागील सद्‌बुद्धीविषयी शंका राहत नाही. बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असावेत, त्या दोहोंपैकी निदान एक स्त्री असावी. मुलाला कोठडीत ठेवू नये. चोवीस तासांच्या आत मंडळापुढे आणावे. परिवीक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घरची, शाळेची, सोबत्यांची माहिती काढून अहवाल द्यावा. चौकशी चार महिन्यांत पुरी व्हावी. आणि शेवटी समज देण्यापासून तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्यापर्यंत जो उपाय योग्य तो योजावा. मुलाला अपराधी म्हणावयाचे नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणावयाचे. शब्द बदलला, लोकांच्या तोंडी मात्र अद्याप ‘रिमांड होम’च आहे, आणि तेथून आलेल्या पोराकडे शेजारी ज्या नजरेने पाहतात, ती नजर कोणत्याही शब्दकोशाने बदललेली नाही.

आता या व्यवस्थेवर लोकमत कसे बनते ते पाहू. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या अमानुष अत्याचारातील एक आरोपी अठरा वर्षांच्या आतला होता. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात वयोमर्यादा खाली आणण्याची शिफारस केली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी ती मर्यादा उचलून धरली. परंतु तीन वर्षे पुरी होऊन डिसेंबर २०१५ मध्ये तो मुलगा सुटला, तेव्हा देशभर संताप उसळला, आणि अवघ्या दोनतीन दिवसांत राज्यसभेने नवा कायदा संमत केला. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने घोर अपराध केल्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता तपासून त्याला प्रौढांप्रमाणे न्यायालयापुढे पाठविता येईल, अशी तरतूद त्यात आली.

दुसरे उदाहरण आपल्याच प्रांतातले. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर भागात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले. काही तासांतच मंडळाने त्याला जामीन दिला. जामिनाच्या अटींत वाहतुकीचे नियम अभ्यासणे, समुपदेशन घेणे आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिणे या गोष्टी होत्या. बाकीच्या अटी लोक विसरले. निबंध तेवढा लक्षात राहिला. आमची हयात निबंध तपासण्यात गेली आहे, आणि निबंध लिहून कोणाचा स्वभाव पालटला असे आमच्या पाहण्यात नाही. तेव्हा त्या हशात आम्ही सामील न होण्याचे कारण नव्हते. पण हसे ओसरल्यावर विचार करावा तो असा, की मंडळाचा दोष मुलाला विचार करावयास लावण्यात होता, की त्याच्याविषयी काही कळण्याआधीच उपाय ठरविण्यात होता? पुढे गलका झाला तसा दोनतीन दिवसांतच त्याच मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली. आणि २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रवानगी बेकायदेशीर ठरवून त्याला सोडावयास लाविले. जामीन देताना घाई आणि जामीन काढून घेतानाही घाई. दोन्ही वेळा मुलाची ओळख कोणास नव्हती.

या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. सबंध व्यवस्थेचा निकाल लोकांनी एकेका घटनेवरून लाविला. २०२२ साली देशात अल्पवयीनांविरुद्ध सुमारे तीस हजार प्रकरणे नोंदली गेली. त्यांतील किती आपल्या कानी आली? आली ती भयंकर होती म्हणून आली. उरलेल्या मुलांचे काय झाले हे कळावयाचा मार्गच नाही, आणि येथे आपण या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो.

कायदा म्हणतो, की मुलाचे नाव व छायाचित्र छापू नये. त्याला कोणतीही अपात्रता चिकटू नये. योग्य मुदतीनंतर त्याची नोंदही नष्ट करावी. नवी सुरुवात म्हणजे जुनी पाटी पुसून टाकणे, आणि हे सर्वस्वी योग्य आहे. परंतु याचा एक विचित्र परिणाम होतो. ज्या मुलाच्या बाबतीत व्यवस्था यशस्वी झाली तो मनुष्य आपल्याला दाखविता येत नाही. तो कोठे सुतारकाम करीत असेल, कोठे एस. टी. चालवीत असेल, मुलांना शाळेत पोचवीत असेल. तो अनोळखी आहे यातच त्याचे यश आहे. उलट ज्याच्या बाबतीत व्यवस्था फसली, तो पुनः पोलिसांच्या हाती सापडतो आणि त्याचा सारा पूर्वेतिहास चर्चेस येतो. डॉक्टराने बरे केलेले रोगी गाव सोडून जावेत आणि स्मशान तेवढे दवाखान्यासमोर असावे, तशी ही स्थिती आहे. अशा न्यायालयाविषयी लोकमत प्रतिकूल व्हावे यात नवल नाही.

मग या संस्थेवर केवळ श्रद्धा ठेवावी काय? आमचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. उलट आमचे म्हणणे असे की, दयेच्या कायद्याची परीक्षा कठोर कायद्याच्या परीक्षेपेक्षा अधिक कडक असली पाहिजे. कठोर कायद्याची जखम दिसते, म्हणून कोणी तरी ओरडतो. दयाळू कायद्याची जखम उपकाराच्या वस्त्राखाली झाकलेली असते. या म्हणण्यास आधार म्हणून परदेशातील तीन गोष्टी सांगतो.

अमेरिकेत बॉस्टनजवळ केंब्रिज व सॉमरव्हिल या गावी डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९३९ साली एक प्रयोग आरंभिला. हा प्रयोग न्यायालयाचा नव्हे, अपराध होऊ नयेत म्हणून आधीच मुलांना हात देण्याचा होता. सारख्या परिस्थितीतील मुलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकास नाणे उडवून निवडले. त्याला मार्गदर्शक मित्र, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिर हे सर्व काही मिळे. दुसऱ्यास काही नाही. सुमारे पाच वर्षे हे चालले. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या विदुषीने त्या मुलांचा शोध घेतला. कित्येकांनी आपल्या मार्गदर्शकांची प्रेमाने आठवण काढली. परंतु १९७८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते की, मदत मिळालेल्या मुलांचे आयुष्य दुसऱ्यांहून चांगले तर झाले नव्हतेच. पुनः पुनः अपराध, मद्यासक्ती, अकाली मृत्यू अशा कित्येक बाबतींत ते अधिक वाईट झाले होते. नाणे उडविले नसते आणि तीस वर्षांनी कोणी शोध घेतला नसता, तर तो उपक्रम आदर्श म्हणूनच गाजला असता.

दुसरी गोष्ट १९६४ ची. ॲरिझोना राज्यात जेराल्ड गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलावर शेजारणीला दूरध्वनीवरून अश्लील बोलल्याचा आरोप आला. प्रौढास या अपराधाबद्दल थोडा दंड किंवा फार तर दोन महिन्यांची कैद झाली असती. गॉल्ट मूल होता म्हणून बालन्यायालयाने त्याच्या हितार्थ त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे सहा वर्षांपर्यंत, सुधारशाळेत धाडण्याचा हुकूम केला. वकील नाही, फिर्यादी स्त्रीची साक्ष नाही. बापाप्रमाणे वागणाऱ्या न्यायाधीशापुढे या गोष्टी कशाला हव्यात, असा समज! १९६७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम रद्द करून मुलांसही वकिलाचा, आरोप कळण्याचा व मौनाचा हक्क आहे असे ठरविले. मांडव्याला मौनापायी सूळ मिळाला होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

तिसरी गोष्ट अलीकडची. २०१० साली काही संशोधकांनी अशा २९ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, ज्यांत सात हजारांवर मुलांपैकी काहींना रीतसर न्यायालयापुढे नेले होते आणि काहींना समज देऊन सोडले वा दुसऱ्या उपक्रमाकडे वळविले होते. न्यायालयाच्या मार्गाने अपराध कमी झाल्याचे दिसले नाही. उलट, एकंदर कल थोडा वाढण्याकडेच होता. हे प्रयोग बहुतेक अमेरिकेतील असल्यामुळे ते जसेच्या तसे आपल्याकडे लागू करावेत असे आम्ही म्हणत नाही. तथापि त्यांतून एक शंका तरी मनात रुजली पाहिजे, की पुष्कळ मुलांच्या बाबतीत न्यायालयाची सर्वांत चांगली सुधारणा म्हणजे त्यांना न्यायालयात न आणणे ही असेल.

हे सर्व आमच्या कोलाडच्या मापाने मोजून पाहू. कुंडलिकेच्या काठी शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी येतात. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर रबरी होड्या घालून मौज करतात. त्या होड्या उचलणारी, खाणावळीत ताटे पुसणारी पोरे आसपासच्या वाड्यांतली. धरून चालू, की अशा एका सोळा वर्षांच्या पोराने काठावर ठेवलेला मोबाईल उचलला. वस्तूची किंमत त्याच्या बापाच्या दोन महिन्यांच्या मजुरीहून अधिक. मोह झाला, पकडला गेला. अपराध किरकोळ वर्गातला. नियमांप्रमाणे गुन्हा नोंदविण्याचेही कारण नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद व घरच्या परिस्थितीचा अहवाल एवढे पुरे. येथे दोन वाटा फुटतात. समजूतदार अधिकारी असला, तर बापाला बोलावून, वस्तू परत करवून, पोराला माफी मागावयास लावून, मंडळाकडून समजेवर प्रकरण मिटण्याची वाट मोकळी करतो. दुसरी वाट तारखांची. मंडळ जिल्ह्याचे, बाप तालुक्याच्या टोकाचा. प्रत्येक तारखेला बापाचा रोज बुडतो, पोराचे काम जाते, शाळा असली तर तीही सुटते. मंडळाची बैठक भरली नाही की नवी तारीख. शेवटी पोर निर्दोष सुटो की समज मिळो, त्याची शिक्षा त्याने आधीच भोगलेली असते, आणि ती कायद्याच्या कोणत्याही कलमात लिहिलेली नसते.

हा केवळ कल्पनाविलास नव्हे. ऑक्टोबर २०२३ अखेरच्या आकडेवारीवरून देशातील मंडळांपुढील निम्म्याहून अधिक प्रकरणे तुंबलेली होती, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसून आले. ज्या कायद्यात चार महिन्यांचे वचन आहे, त्याच्या बाबतीतील ही स्थिती होय. अशा वेळी कायदा दयाळू आहे की कठोर, यावर वाद घालणे म्हणजे औषध कडू की गोड याचा वाद बाटली उघडण्यापूर्वीच घालणे होय.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. पुण्यात ज्यांचा मुलगा किंवा मुलगी गेली, त्या मातापित्यांना आमच्या या हिशेबात स्थान कोठे? मूल सुधारले हे फळ खरे. पण जे गेले त्यांचे काय? अपराध्याच्या भवितव्याचाच तेवढा विचार करणारी दया एकाक्ष आहे, असे कोणी म्हटले तर त्यास उत्तर दिले पाहिजे. आमचे उत्तर असे की, दुःखिताला न्यायालयाकडून दोन गोष्टी मिळावयास हव्यात: सत्याचा निर्णय, आणि आपले दुःख ऐकले गेले याची खात्री. श्रीमंताचे पोर आणि गरिबाचे पोर यांना एकच माप लागले, हेही त्यांना दिसले पाहिजे. या गोष्टी देण्यास मुलाला प्रौढ ठरविण्याची गरज नाही; नीट, निःपक्ष व वेळेवर चौकशीची गरज आहे. सूडाने दुःख हलके होते काय, हे आम्ही सांगू शकत नाही. घाईने, ढिलाईने व पैशाच्या संशयाने ते दुप्पट होते, एवढे निश्चित. शिवाय, आज ज्याला वाऱ्यावर सोडले तो उद्या आणखी एका घरावर दुःख आणील की नाही, हा प्रश्नही दुःखितांचाच आहे, उद्याच्या दुःखितांचा.

तेव्हा बालन्यायालयांच्या सुधारणेचे माप कोणते असावे? आमच्या मते, तीन प्रश्न प्रत्येक जिल्ह्यात दर वर्षी विचारले जावेत. पहिला, किती मुले मंडळापुढे आली, किती ठाण्यावरच मिटविता आली, आणि प्रत्येकाला किती तारखा पडल्या. दुसरा, मंडळाने आपला निर्णय परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल वाचून दिला की अहवाल येण्यापूर्वी. मुलाला वकील होता की नाही. तो स्वतः काही बोलला की नाही. तिसरा, आणि सर्वांत कठीण, पाच वर्षांनी ही मुले कोठे आहेत: कामावर, शाळेत, की पुनः कोठडीत, आणि ज्यांना नुसती समज देऊन सोडले त्यांच्यापेक्षा, ज्यांना गृहात ठेवले त्यांचे बरे झाले की वाईट. नावे पुसून आकडे राखता येतात. शिरगणतीत आपले नाव कोणी उघड करीत नाही, तरी माणसे मोजली जातातच.

यांतील पहिले व तिसरे माप फळाचे आहे, दुसरे न्यायाचे. मिलचा अनुयायी फळावर समाधान मानील, कांटचा अनुयायी न्यायावर. आम्हांस दोन्ही हवीत. केवळ फळ पाहिले तर गॉल्टप्रमाणे मुलाच्या हितासाठी त्याचे हक्क तुडविण्याची वाट मोकळी होते. केवळ हक्क पाहिले तर सर्व कागद शुद्ध राहून पोर मात्र वाया जाते. आणि दोन्ही न पाहता केवळ हेतूवर संतुष्ट राहिलो, तर आपण ससूनशेठांपासून आजवरच्या सर्व थोर माणसांचे पुतळे उभारू, आणि त्यांच्या कार्याचे काय झाले हे विचारणेही उद्धटपणाचे ठरवू.

सुशिक्षित कुटुंबांतील वाचकांस हा विषय आपल्या घरापासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु या कायद्याखाली येणारी बहुतेक मुले रस्त्यावरची अनाथ नसतात. आईबापांजवळ राहणारीच असतात, असे सरकारी आकडे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. सोळा-सतरा वर्षांचे वय घराघरांत असते. आपल्या मुलाच्या हातून काही घडले, तर त्याच्याविषयी निर्णय देणाऱ्याने प्रथम त्याची चौकशी करावी, त्याला बोलू द्यावे आणि त्याच्या पुढल्या पन्नास वर्षांचा विचार करावा, असे प्रत्येक बापास वाटते. तेच कुंडलिकेच्या काठच्या पोराच्या बापासही वाटते. फरक इतकाच की, त्याचे म्हणणे कोणी लिहून घेत नाही. ते लिहून घेतले जाते की नाही, एवढे जरी आपल्या जिल्ह्यापुरते आपण विचारू लागलो, तरी शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याची परीक्षा खऱ्या अर्थाने सुरू झाली असे म्हणता येईल.